दिवा लागतो, पण डिस्क दिसत नाही

निळा दिवा लागत होता. हात ठेवला की आत काहीतरी फिरतंय हेही कळत होतं. पण लॅपटॉप त्या डिस्कला ओळख दाखवायला तयार नव्हता. सकाळपासून मी वायर काढून घातली, दुसऱ्या बाजूला लावून पाहिली, शेजारच्या शकूकडून तिची वायर मागून आणली, लॅपटॉप तीनदा बंद करून चालू केला. दर वेळी तेच, डिव्हाइस ओळखता येत नाही. दुपारपर्यंत मला त्या डिस्कचा वीट आला आणि माझा स्वतःचाही.

त्या डिस्कमध्ये माझ्या नवऱ्याचा आवाज होता. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून चंद्रप्रकाशचं स्वरयंत्र काढलं. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला हा माणूस आता पाटीवर लिहून चहा मागतो. त्यांची स्पीच थेरपिस्ट प्रियंका म्हणाली होती की जुनं रेकॉर्डिंग अर्धा तास जरी मिळालं, तरी त्यांनी टाइप केलेलं फोन त्यांच्याच आवाजात बोलू शकेल. मी म्हटलं, अर्धा तास काय, ढीगभर आहे. फोन भरला की सगळे व्हिडिओ डिस्कवर टाकायचे आणि फोनमधून पुसायचे, अशी माझी शिस्त. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

त्यांनी पाटी पुढे केली. ‘सोड आता. जेवून घे.’

“तुम्हाला नको असेल,” मी म्हटलं, “मला हवाय.”

ते उठून गॅलरीत गेले. इतकं तोडून बोलायला नको होतं, पण दमलेल्या माणसाला नंतरच कळतं. मी न जेवताच डिस्क पिशवीत टाकली आणि रिक्षाने मरोळ गाठलं.

तिथल्या एका गाळ्यात राजेश म्हणून एक चाळिशीचा माणूस असल्या वस्तू दुरुस्त करतो. त्याने वायर लावायच्या खाचेवर भिंग धरलं आणि डिस्क उजेडात तिरकी करून आत पाहिलं. मी मनातल्या मनात वाईटाची तयारी केली.

“काकू, दसऱ्याला हिची पूजा केली होती का?”

केली होती ना. आमच्याकडे दसऱ्याला मिक्सर, शिलाई मशीन, लॅपटॉप, सगळ्यांना पाटावर मानाने बसवतात. दर वर्षी हे काम त्यांचं, आणि ते कोरड्या कुंकवाचं नुसतं बोट टेकवायचे. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा रिपोर्ट आला होता. ते पलंगावरून उठले नाहीत, म्हणून पूजा मी केली. भीतीच इतकी होती की कुंकू पाण्यात कालवून प्रत्येक वस्तूला सढळ हाताने लावलं. मनात एकच मागणं होतं, आणि ते मागताना ओघळ कुठे जातोय हे पाहिलं नाही. त्यानंतर डिस्क आजपर्यंत कपाटातच होती. राजेशने समजावलं की वीज आणि माहिती खाचेतल्या वेगवेगळ्या पट्ट्यांवरून जाते. विजेच्या पट्ट्या स्वच्छ होत्या म्हणून दिवा लागायचा. माहितीच्या पट्ट्यांवर मात्र माझं कुंकू वाळून बसलं होतं.

बारीक ब्रशने तो अर्धा तास लाल भुकटी काढत होता. मग स्क्रीनवर डिस्कचं नाव दिसलं. मी त्याच्या स्टुलावर बसून रडले. त्याने न विचारता पंखा माझ्याकडे वळवला.

घरी येऊन मी त्यांना शेजारी बसवलं आणि पहिला हाताला लागेल तो व्हिडिओ उघडला. वर्सोव्याचा धक्का, मढला जाणारी फेरीबोट, उन्हात डोळे बारीक करून उभी असलेली मी. कॅमेऱ्यामागून ते म्हणाले, “नलू, जरा सावलीत सरक गं.”

मी दचकले. आवाज बारीक होता, थोडा नाकातला. हे चार महिने पोळ्या लाटताना, त्यांची औषधं काढताना मी मनात जो आवाज ऐकत होते तो चांगला भारदस्त होता. तो कुणाचा होता, देव जाणे. एवढ्यात मी खरा आवाज विसरून बसले होते.

त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला लावला. तीनदा ऐकला. मग पाटी पुसून लिहिलं, ‘हा मीच ना?’

“तुम्हीच,” मी म्हटलं. पण म्हणायला मला क्षणभर उशीर झाला, आणि त्यांचं लक्ष माझ्याच चेहऱ्याकडे होतं.