गुरप्पाचं माऊझर

"माज्या घरात अजून एक हत्यार हाय म्हनं. उद्या झडती घ्यायला येनार हायेत," म्हणत दानम्मा दुकानाच्या पायरीवरच बसल्या.

तिप्पण्णांनी तेलाचं फडकं बाजूला ठेवलं. शुक्रवार पेठेत बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि त्यातला निम्मा गिऱ्हाइकांची भाषा दुरुस्त करण्यात. पिस्तुलाला घोडा म्हणू नका. चाक फिरतं ते पिस्तूल नव्हे, रिव्हॉल्वर. ऐकत कुणी नसे. दानम्मांचा नवरा, दुधनीचा गुरप्पा, तर मुळीच नाही. तरुणपणी त्यानं कुणाचं तरी माऊझर पिस्तूल पाहिलं होतं, तेव्हापासून स्वतःच्या जुन्या वेब्ली रिव्हॉल्वरलाही तो माऊझरच म्हणे. माऊझरच्या गोळ्या मागायचा, आणि तिप्पण्णा चार शिव्या हासडून रिव्हॉल्वरच्या द्यायचे. तो वारल्यावर ते हत्यार कायद्याप्रमाणे याच दुकानात जमा झालं होतं.

"परवान्याच्या हापिसात काय सांगितलं, अक्का?"

"मालकांचं माऊझर माज्या नावावर करा म्हनलं. भात्तर सालच्या दुष्काळापास्नं चोऱ्या लई वाढल्यात, वस्तीवर मी एकटी. तर सायेब म्हनला, कागदावर वेब्ली हाय, मग माऊझर कुटं लपवलंय?"

तिप्पण्णांना हसू आलं, मग गुरप्पाचा रागही आला. मेल्यावरही हा माणूस आपलंच खरं करत होता. त्यांनी कपाटातून रिव्हॉल्वर काढलं आणि दानम्मांपुढे मधोमध वाकवून उघडलं.

"हे सा घरांचं चाक. माऊझरला चाक नसतंय. काडतूस बत्तीस बोरचं, पन बुडाला कड असलेलं. पिस्तुलाचं बत्तीस येगळं, आखूड. चला, मी येतो संगं, सायबाला सांगतो."

"तुमी नगा येऊ," दानम्मा म्हणाल्या. "तुमी बोललासा तर मला कायबी कळत न्हाय म्हनतील, आन् हत्यार देनार न्हाईत. मलाच शिकवा."

तिथंच बसून दानम्मांनी सगळं घोकलं आणि दुपारी साहेबापुढे न अडखळता सांगितलं. वर म्हणाल्या, "माऊझर म्हनून मालक त्येचा लाड करायचे. दुसरं न्हाय. झडती घ्या की खुशाल."

झडतीत काही निघालं नाही. दसऱ्याच्या सुमारास त्या नवा परवाना घेऊन दुकानात आल्या.

"अण्णा, माजं वेब्ली द्या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नाव बरोबर घेतलं होतं. तिप्पण्णांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना फार वाईट वाटलं. शेवटच्या वेळी गोळ्या देताना गुरप्पाशी झालेलं भांडण आठवलं, आणि आता तसं भांडायला कुणी येणार नाही हेही कळलं.

त्यांनी रिव्हॉल्वर पुसलं, तेल दिलं, फडक्यात गुंडाळून दानम्मांच्या हाती दिलं.

"ओलीला ठेवू नगा, अक्का," ते म्हणाले. "गुरप्पाचं माऊझर हाय ते."

दानम्मा फडक्यातलं हत्यार पिशवीत घालून, पिशवी पोटाशी धरून पायरी उतरल्या.