पाण्यातला ठिपका

"यात आमचे हे नाहीत," आजीबाई म्हणाल्या.

फुंकरताईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर एक तळं होतं. पलीकडच्या काठाला झाडांची रांग, अलीकडे खुंटीला बांधलेली होडी आणि मध्ये नुसतं पाणी. अगदी स्वच्छ. हे काम हातावेगळं केलं तेव्हा त्या पाण्याकडे बघून ताईंना स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

"यात कुणीच नाहीये, आजी."

"तेच तर म्हणतेय मी. होते ना!" आजीबाईंनी थेट पडद्यावर बोट टेकवलं, होडीच्या टोकाच्या जरा वर. "इथे त्यांचं डोकं होतं. एवढंसं. मोहरीएवढं."

बरोबर आलेली लेक मघापासून घड्याळ बघत होती. "आई, अगं ढीगभर फोटो आहेत. दुसऱ्या कशात असतील बाबा."

"कसे असतील? काढायला कोण होतं? सगळे त्यांनीच काढले. मी आहे, तू आहेस, तुझी सायकल आहे, शेजाऱ्यांचं मांजरसुद्धा आहे. एकदाच मी कॅमेरा हातात घेतला. म्हटलं, जवळ या, नीट उभे राहा. तर हे निघाले पोहत! हाका मारून मारून माझा घसा बसला. शेवटी काचेतून काही दिसेना, तेव्हा अंदाजानंच बटण दाबलं."

"आयकार्डावरचा फोटो आहे की."

"तो ऑफिसनं काढलेला. त्यात ते ऑफिसचे दिसतात."

लेकीनं पुन्हा घड्याळ पाहिलं. फुंकरताई मात्र पडद्यावरून नजर हलवेनात. होडीच्या टोकाच्या वर एक काळा ठिपका होता, हे त्यांना आता लख्ख आठवत होतं. शेजारी आणखी चार-पाच होते. सगळे त्यांनीच पुसले होते.

स्लाइड म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. मोठ्या टपाल तिकिटाएवढी फिल्म, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली. नुसती पाहिली तर काळपट तुकडा; उजेडासमोर धरली की आत सगळं रंगीत जग. प्रोजेक्टरमध्ये घातली की तेच जग भिंतीएवढं व्हायचं. आता प्रोजेक्टर माळ्यावर गेले, भिंतींवर टीव्ही आले, आणि अशा स्लाइडींचे डबे घेऊन लोक या दुकानात येऊ लागले. इथे स्लाइड स्कॅनरमध्ये घालायची, चित्र संगणकात उतरवून घ्यायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात बोटाएवढा पेनड्राइव्ह ठेवायचा.

पण त्याआधी धूळ. वर्षानुवर्षं डब्यात पडलेल्या स्लाइडवर धूळ बसते, आणि फिल्मवरचा कण चित्रात काळा डाग होऊन येतो. म्हणून ताई प्रत्येक स्लाइडवर रबरी फुग्यानं हवा मारत. फुस्स, फुस्स. दिवसभर हाच आवाज. त्यावरूनच दुकानात त्यांचं नाव फुंकरताई पडलं. हवेनं न जाणारे कण त्या नंतर संगणकात, शेजारचा रंग उचलून उचलून, एकेक झाकून टाकत. पूर्वी फोटो कागदावर निघायचे तेव्हा हेच काम त्या बारीक कुंचल्यानं करत. उभा जन्म लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग काढण्यात गेला होता. घरी नवरा म्हणायचा, "दुकानातली धूळ बरी दिसते गं तुला. आपल्या पंख्यावरची दिसत नाही." ताई म्हणायच्या, "ती काढायचा मला पगार नाही."

बोलणी ऐकून आतून मालक आले. काय झालं ते कळताच गोड आवाजात म्हणाले, "काय आहे आजी, ही मशीनं हल्ली आपोआप सफाई करतात. मशीनला काय कळतं?"

"मशीननं नाही," ताई म्हणाल्या. "मी पुसलं. मला धूळ वाटली."

मालकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी भर दुकानात भांडं फोडलं होतं.

"धूळ," आजीबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. उलट थोडा खाली आला. "माणूस आडमुठा होता, हट्टी होता. पण धूळ त्यांना कुणी म्हटलं नव्हतं हो."

पुसण्याआधीचं चित्रही संगणकात राहिलं नव्हतं. जागा अडते म्हणून ते ठेवायची पद्धतच नव्हती. राहिली असेल तर फक्त मूळ स्लाइड.

"स्लाइडी कुठायत?" त्यांनी मालकांना विचारलं.

उत्तर लेकीनं दिलं. "त्या परत नकोत असं मीच सांगितलं होतं. आईला माझ्याकडे नेतेय. फ्लॅटमध्ये जागा नाहीये, मॅडम." मग आईकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं, फोटो राहिले म्हणजे झालं."

नको असलेल्या स्लाइडी जिन्याखालच्या पोत्यात जात, आणि पोतं भंगारवाला नेई. या वेळी तो अजून फिरकला नव्हता, हेच काय ते नशीब. ताईंनी पदर खोचला, पोतं ओढून बाहेर काढलं आणि जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर ओतलं. चार घरांचे संसार एकमेकांत मिसळून खळखळत बाहेर आले.

"बाप रे," लेक म्हणाली. "यात कशी सापडायची?"

"सापडेल," स्टुलावर बसत आजीबाई म्हणाल्या. "आमच्या सगळ्यांच्या कोपऱ्यात लाल ठिपका आहे. माझं नेलपॉलिश! स्लाइड उलटी घातली की भिंतीवर माणसं डोक्यावर उभी राहायची. म्हणून खूण. बाटलीच्या बाटल्या संपवल्या माझ्या. आणि तळ्यावरच्या स्लाइडला दोन ठिपके आहेत. दुसरा मी लावला. माझा फोटो होता ना तो."

मग तिघी कामाला लागल्या. म्हणजे दोघी शोधत होत्या आणि आजीबाई हुकूम सोडत होत्या. "ती बघा, ती! नाही, एकच आहे. टाका." लेक एकेक स्लाइड ट्यूबलाइटसमोर धरू लागली. खरं तर नुसता कोपरा बघून भागलं असतं, पण ती आत बघत होती. "आई, ही मी? असले केस कापले होते माझे?"

"तुझ्या बाबांनी कापले होते. म्हणून तर फोटो काढला, पुरावा म्हणून."

त्यानंतर तिनं घड्याळ पाहिलं नाही.

दोन ठिपक्यांची स्लाइड पोत्याच्या अगदी तळाशी चिकटलेली सापडली. जिन्याखालीच फरशी पुसायची बादली असे. तिचं पाणी पोत्याच्या बुडाशी झिरपलं होतं. पुठ्ठा एका बाजूनं भिजून फुगला होता. ताईंनी ती कडेला धरून उजेडासमोर नेली. आत तळं होतं, होडी होती, आणि होडीच्या टोकाच्या वर काळा ठिपका होता.

"आहेत," आजीबाई म्हणाल्या.

"उद्या या," ताई म्हणाल्या. "मोठा फोटो छापून ठेवते."

त्या दोघी गेल्यावर ताई स्लाइड घेऊन टेबलाशी बसल्या. सवयीनं हात फुग्याकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला, आणि फुगा उचलून खणात टाकला.

मग डोळ्याला भिंग लावलं. चित्रातला ठिपका आणि फिल्मवरची धूळ यांतला फरक ओळखणं अवघड नसतं. स्लाइड किंचित तिरपी धरायची. चित्रातला ठिपका फिल्मच्या आत असतो, तो तसाच राहतो. धूळ वर बसलेली असते, ती चमकते. ताईंनी स्लाइड तिरपी केली.

ठिपका चमकला.

त्यांनी पुन्हा सरळ धरली, पुन्हा तिरपी केली. फिल्मला घट्ट चिकटलेला, वाळून कडक झालेला कण होता तो. धूळच. म्हणजे चूक त्यांची नव्हती. मालकांना आत जाऊन तसं सांगता आलं असतं. पण त्या जागेवरून उठल्या नाहीत. आजीबाईंनी किती वेळा तो ठिपका भिंतीवर पाहिला असेल!

ओला पुठ्ठा फिल्मला लागू देऊन चालणार नव्हतं. ताईंनी चौकटीचे दोन पापुद्रे नखानं अलगद सोडवले आणि फिल्म बाहेर काढली. चौकटीची कड चित्राचा दोऱ्याएवढा काठ चारी बाजूंनी झाकते. तेवढा भाग भिंतीवर कधी येतच नाही. तो काठ आता उघडा पडला होता. डाव्या कडेशी, पार टोकाला, पाण्यात काहीतरी होतं.

ताईंनी भिंग तिकडे सरकवलं. फिल्म तिरपी केली. चमकलं नाही. डोकंच होतं ते. आणि डोक्याशेजारी पाण्यातून वर आलेली एक बारीक रेघ. हात. पोहतानाचा नव्हे; सरळ उभा केलेला, काठावरच्या माणसाला दिसावा असा.

ताईंनी फिल्म दोन काचांत धरली आणि अगदी कडेपासून कडेपर्यंत स्कॅन केली. एक कण पुसला नाही. छापून निघालेला फोटो पाहून मालकांनी कपाळाला हात लावला. "ताई, इतक्या डागांचा फोटो आपल्या दुकानातून बाहेर जाणार?"

"जाणार," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आजीबाईंनी फोटो दोन्ही हातांत धरला, लांब नेला, जवळ आणला. मग होडीच्या टोकाच्या वर बोट ठेवलं. "हे बघ," लेकीला म्हणाल्या. "मोहरीएवढं. म्हटलं होतं ना?"

"हो गं," लेक म्हणाली. तिनं पोत्यातून वेचून काढलेल्या लाल ठिपक्यांच्या स्लाइडींचा डबा छातीशी धरला होता. जागा कुठे करणार, ते तिनं सांगितलं नाही आणि आजीबाईंनी विचारलं नाही.

ताई जरा घुटमळल्या. "आजी, इकडे कडेलाही काहीतरी दिसतंय बघा. पूर्वी पुठ्ठ्याखाली झाकलेलं होतं. हात वर केल्यासारखं."

आजीबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लाकूड-बिकूड असेल वाहत आलेलं," त्या म्हणाल्या. "हे हात करणारे नव्हते हो. मी एवढ्या हाका मारल्या, एकदा तरी वळून बघावं?" आणि बोट पुन्हा मधल्या ठिपक्यावर गेलं. "हे असे. नाकासमोर."

ताईंनी मान हलवली.

फ्रेमवाल्याचं दुकान शेजारीच होतं. आजीबाईंना खुर्चीत बसवून ताई स्वतः फोटो घेऊन गेल्या. फ्रेमवाल्यानं तो टेबलावर ठेवला, चारी बाजूंनी कडा झाकणारी फ्रेमची पट्टी लावून पाहिली आणि पेन्सिलनं खूण करणार, एवढ्यात ताईंनी त्याचा हात धरला.

"डावीकडे चढवू नकोस. ही कड उघडी राहिली पाहिजे. पार शेवटपर्यंत."

"तीन बाजू झाकलेल्या आणि एक उघडी? वाकडं दिसेल, ताई."

"दिसू दे," ताई म्हणाल्या, आणि त्यानं पट्टी मागे सरकवेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.