शेपटीवरचा हात

मासा काय, कुणीही धरतं. खरी परीक्षा सोडताना. हे आमच्या ह्यांचं ठरलेलं वाक्य, आणि लग्न झाल्यापासून मी ते इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी म्हणून दाखवीन.

आमचं तळं नुसतं म्हणायला तळं. पलीकडचा काठ दिसेल तर शपथ. तिथे लोक लांबून लांबून महागडे रॉड घेऊन येतात, दिवसभर होडीत उन्हात बसतात, मासा धरतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. माझ्या आईला हे समजावता समजावता मी हात टेकले. “सोडायचाच होता तर धरला कशाला?” एवढं एकच ती विचारायची, आणि खरं सांगू, तिला पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण त्यावरच आमचं घर चालतं. होडी आमची. मागे इंजिनावर मी, पुढे टोकाला हे. मासे कुठे असतील ते सांगायचं, आमिष कुठलं लावायचं ते सांगायचं, आणि मासा आला की तो सोडायचा, हे ह्यांचं काम. सगळे ह्यांना मास्तर म्हणतात. शाळेशी ह्यांचं कधी पटलं नाही, तरी मास्तर.

आता सोडणं म्हणजे काय ते सांगते. गळाला लागलेला मासा झुंजून झुंजून अर्धमेला झालेला असतो. तसाच टाकून दिला तर पाण्यात उलटा होतो आणि मरतो. म्हणून एका हाताने त्याची शेपटी मुळाशी धरायची, दुसरा हात पोटाखाली, आणि त्याला पाण्यातच सरळ धरून ठेवायचं. हळूहळू त्याचे कल्ले चालायला लागतात. मग शेपटीत जोर भरतो आणि तो एक झटका देतो. त्या झटक्याला मूठ उघडायची. आधी उघडली तर मासा उलटला. उशिरा उघडली तर तो धडपडून पुन्हा दमला. बरं, वरून बघून हे नीट कळत नाही, कारण पाणी हललं तरी शेपटी हलते. ते हाताला कळावं लागतं.

आणि ह्यांच्या हाताला कळेनासं झालं.

साखर, दुसरं काय. गोड खाऊ नका म्हणून मी घसा कोरडा केला, पण ऐकेल तो नवरा कसला! आधी पायांची बोटं बधिर झाली, मग हातांची. चहाचा कप हातून सुटायला लागला. शर्टाची बटणं मी लावून द्यायला लागले. “घाई आहे गं, म्हणून,” असं म्हणत हे मान वर करून उभे राहायचे. एकदा गॅसवरच्या पातेल्याला हात टेकवून माझ्याशी गप्पा मारत होते. मला वास आला म्हणून मी किंचाळले. तळहातावर हा एवढा फोड! डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ह्यांना छताकडे बघायला सांगितलं आणि बोटांना सुई टोचायला सुरुवात केली. थोड्या वेळाने हे म्हणाले, “टोचा ना डॉक्टर, मी काही घाबरत नाही.” डॉक्टरांचं टोचून झालेलं होतं. गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही, डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं जपा.

हे बाहेर कुणाला कळता कामा नये, असं ह्यांनी मला बजावलं. कारण दर हंगामाच्या सुरुवातीला मासेमारी क्लबचे सेक्रेटरी प्रत्येकाच्या होडीत एक सकाळ घालवतात. स्वतः गळ टाकतात आणि मासे जिवंत परत जातात की नाही ते बघतात. जात असतील तर परवाना, नाहीतर राम राम. तसं, परवाना गेला म्हणून आम्ही काही उपाशी मरणार नव्हतो. लेक कमावती आहे, “या ना दोघं माझ्याकडे,” म्हणून सारखी मागे लागलेली असते. पण हा माणूस तिथे तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून बसेल आणि बसल्या बसल्या संपेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

“मी धरते मासा, तुम्ही इंजिन बघा,” मी म्हटलं.

“आणि मी काय, प्रवासी?” हे म्हणाले, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग मीच डोकं चालवलं. झटका ह्यांना कळत नाही ना? मला मागून दिसतो. इतकी वर्षं बघून बघून पाण्याची हालचाल कुठली आणि माशाची कुठली, ते मला बरोबर ओळखता येतं. ह्यांना तेवढंही दिसत नाही, कारण चष्मा लावून वाकलं की तो पाण्यात पडतो. एक तळाशी आहेच. तेव्हा ठरलं असं, की माशाने झटका दिला की मी खोकायचं, आणि ह्यांनी मूठ उघडायची.

न्हाणीघरात आम्ही त्याची तालीम केली. बादलीत पाणी, पाण्यात पिळून गुंडाळलेला टॉवेल, टॉवेलाचं एक टोक ह्यांच्या हातात, दुसरं माझ्या. मी हिसका द्यायची आणि खोकायची. आधी हे हिसका नसताना सोडायचे, मग खोकला होऊन गेल्यावर सोडायचे. “अहो, मी काय क्षयरोगी आहे का सारखी खोकायला?” मी ओरडले. त्यावर हे इतके हसले की स्टुलावरून पडता पडता राहिले. मीही हसले. पण शेवटी शेवटी असं जमलं, म्हणून सांगू! खोकला आणि मूठ, मूठ आणि खोकला. मला वाटलं, जिंकलो.

सेक्रेटरी आले त्या दिवशी आभाळ होतं आणि वारं चांगलंच बोचत होतं. त्याआधी किती तरी दिवस नुसता उकाडा, पान हलत नव्हतं, म्हणून सगळे खूश. मी डोक्याला स्कार्फ गुंडाळला. ह्यांनी होडीत बसायच्या आधी रोजच्यासारखा पाण्यात हात घातला, काढला, झटकला, आणि म्हणाले, “चला.”

सेक्रेटरी माणूस भला. निवृत्त आहेत, हळू बोलतात, मला वहिनी म्हणतात. त्यांनी वाईट वागून दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

पहिला लागला तो मरळ. पाणवेलींच्या कडेने सेक्रेटरी गळ फिरवत होते, तिथे. धष्टपुष्ट, काळा, सापासारखं डोकं. ह्यांनी जाळीत घेतला, गळ सोडवला, शेपटी धरून पाण्यात ठेवला. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. मरळाने एक घोट हवा घेतली, अंग आवळलं, आणि झटका!

मी खोकले. मूठ उघडली. मरळ गेला.

“वा मास्तर!” सेक्रेटरी म्हणाले. “लोण्यासारखा हात आहे तुमचा.”

ह्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. लग्नात बघितलं होतं, अगदी तसं. मला हसू आवरेना, म्हणून मी आणखी एकदा खोकले.

“वहिनी, खोकला बरा नाही हं तुमचा,” म्हणून सेक्रेटरींनी खिशातून गोळी काढून दिली. आता नाही कशी म्हणणार? घेतली, गालात धरली.

मग आम्ही खोल पाण्याकडे गेलो. तिथे महाशीर असतो. त्या माशासाठी लोक जीव टाकतात, कारण त्याच्यासारखी झुंज कुणी देत नाही. तळ्यातला राजाच तो, खवले तांब्याच्या पत्र्यासारखे. सेक्रेटरींनी चमचा टाकला; चमचा म्हणजे चकाकणारं पत्र्याचं आमिष, मासा त्याला छोटा मासा समजतो. दोन-चार फेऱ्या रिकाम्या गेल्या. आणि मग रीळ असं काही किंचाळलं की मी इंजिनच बंद केलं.

काय झुंजला तो! सेक्रेटरींचा घाम निघाला, हे बाजूला उभे राहून “सैल सोडा, सैल सोडा, आता ओढा” करत होते, आवाज कसा खणखणीत. असे हे मला किती तरी महिन्यांत दिसले नव्हते. शेवटी मासा कडेला आला. ह्यांनी गळ काढला, शेपटी मुळाशी धरली, दुसरा हात पोटाखाली घातला आणि होडीच्या कडेवर छाती टेकवून वाकले.

मी बघत होते. कल्ले हलले. थांबले. पुन्हा एकदा हलले, अगदी वरवर. येईल, मी मनात म्हटलं, मोठा आहे, दमलाय, वेळ लागणार. हे त्याला हळूहळू मागेपुढे करत होते, जसं करायचं असतं तसं. कुठे काही चुकत नव्हतं. आणि तरी त्या माशात जीव काही भरेना. तोंड अर्धवट उघडलं ते मिटेना.

“गोळीने गुण आला की वहिनी,” सेक्रेटरी कौतुकाने म्हणाले. “खोकला बंद झाला.”

ह्यांची पाठ माझ्याकडे होती. पण कान माझ्याकडे लागलेत हे मला त्या पाठीवरूनच कळत होतं. हे वाट बघत होते. माझ्या खोकल्याची. मासा एका बाजूला कलायला लागला होता, हे त्याला सरळ करत होते आणि वाट बघत होते, आणि मी गालात गोळी धरून बसले होते. खोकू तर काय म्हणून? न खोकू तर कुठवर? कल्ले आता अजिबात हलत नव्हते.

“येतोय,” हे म्हणाले. “दम आहे त्याच्यात. जरा वेळ द्या.”

सेक्रेटरींनी बाही वर सारली, म्हटलं मदत करतायत, आणि माशाशेजारी पाण्यात हात घातला. घातला तो तसाच ठेवला. मग माझ्याकडे एकदा बघितलं, मग ह्यांच्याकडे.

“मास्तर,” ते अगदी हळू म्हणाले, “पाणी कसं आहे?”

मला प्रश्न कळला नाही. मी आपली बसल्या जागेवरून हात बुडवला. कोमट! अहो, वाऱ्याने कान गार पडले होते आणि पाणी आंघोळीला काढावं तसं कोमट. इतक्या दिवसांचा उकाडा सगळा त्यात भरून राहिलेला. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. असल्या पाण्यात मरळाला काही होत नाही, तो वर येऊन हवा पितो, चिखलातसुद्धा जगतो. महाशीराला गार पाणी लागतं. झुंजून दमलेल्या महाशीराला कोमट पाण्यात कुणीही सावरू शकत नाही. म्हणून तर हे रोज निघताना हात बुडवून बघतात. एरवी पाणी असं लागलं की लोकांना सरळ परत पाठवायचे, कुणी कितीही रागवो, “आज नाही” म्हणजे नाही. आज हात बुडवला होता आणि “चला” म्हणाले होते. झटक्यासाठी मी खोकला शोधून काढला, पण पाण्याचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यासाठी आमचं काहीच ठरलेलं नव्हतं.

ह्यांनी पोटाखालचा हात काढला. तो पाण्यातच होता की हो इतका वेळ! तरी बाहेर काढला, पुन्हा बुडवला, बोटं फिरवली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी काय करणार होते? मान हलवली असती तर हो की नाही, ते तरी कसं कळणार? गार म्हणून हलवली की गरम म्हणून?

“गार आहे,” हे म्हणाले.

सेक्रेटरींनी हात बाहेर काढला आणि रुमालाने पुसला. बराच वेळ पुसत होते. “परत फिरू या, मास्तर,” म्हणाले. “माझंच चुकलं. मोठा मासा होता, मी फार वेळ खेळवला.” खोटं बोलत होते बिचारे. आणि मग ते तोंड फिरवून पलीकडे बघत बसले.

हे मासा सोडेनात. शेवटी मी पुढे गेले आणि म्हटलं, “अहो, गेला तो. सोडा.” तेव्हा मूठ उघडली. मासा उलटा झाला, पांढरं पोट वर आलं, आणि वारं त्याला आमच्यापासून लांब न्यायला लागलं. मला रडू फुटलं. सेक्रेटरींसमोर रडायचं नव्हतं, पण फुटलं.

परत येताना हे पुढे टोकाला बसले नाहीत. मागे माझ्याशेजारी येऊन बसले. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “गरम होतं का गं?”

“कोमट.”

“किती?”

“आंघोळीचं असतं तेवढं.”

धक्का दिसायला लागला होता. तिथे पुढची गिऱ्हाईकं उभी होती, रॉड घेऊन, टोप्या घालून. मी एका हाताने सुकाणू सांभाळत होते. दुसऱ्या हाताने मी ह्यांचा हात धरला, घट्ट, बोटांत बोटं घालून धरला. हे पाण्याकडे बघत होते. बराच वेळ तसेच बघत होते. मग सहज त्यांची नजर खाली गेली, तेव्हा त्यांना दिसलं की मी धरलाय.