नळीवरची माशी आणि लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. वय वर्षे अकरा.

हसू नका. जुनी दिसणं हाच माझा धंदा आहे. परदेशातल्या एका कारखान्यात संगणकाच्या यंत्राने माझी नळी कोरली. मग एका माणसाने माझ्या अक्रोडाच्या दस्त्यावर साखळी आपटून आपटून ओरखडे काढले. त्याला पगारच त्याचा होता. वरून चहाच्या रंगाचं काहीतरी फासलं आणि मी म्हातारी झाले. पलीकडच्या टेबलावर माझ्या बहिणी अजून तरुण होत्या. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनाही शंभर वर्षं झाली.

मी ठासणीची. म्हणजे माझ्या तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि एकच बार काढायचा. तो चुकला तर सगळं पहिल्यापासून; तोवर जनावर पुढच्या डोंगरावर पोचून विश्रांती घेत असतं. माझ्या नळीच्या टोकाशी पितळेचा एक बारीक मणी आहे, त्याला माशी म्हणतात. मागे एक खाच आहे. खाचेत माशी आणि माशीवर जनावर असं एका रेषेत आलं की चाप ओढायचा. इतकं सोपं. माणसांनी हात लावेपर्यंत जगात सगळंच सोपं असतं.

माझे मालक इलियासभाई. बहरीनमध्ये, मनामा शहरात, बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान आहे. त्यांचे आजोबा श्रीवर्धनहून गलबतात बसून इथे आले आणि इथलेच झाले. गावच्या घरी त्यांची एक खरीखुरी ठासणीची होती. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. एका निवडणुकीला जमा केली, ती परत आणायची कुणाला आठवणच राहिली नाही. तिकडे सरकारं बदलत राहिली, ही मात्र ठाण्यात पडून. मला दुकानात पाहिलं तेव्हा इलियासभाईंनी माझ्या दस्त्यावरचे ओरखडे कुरवाळले आणि म्हणाले, "अगदी आमच्या आजोबांची." कारखान्याचं नाव माझ्या पोटाखाली कोरलेलं आहे, पण ते वाकून कोण बघतो.

ती पहिली वर्षं चांगली गेली. दर हिवाळ्यात चार मित्र परवाने काढून समुद्रापलीकडच्या डोंगरात राखीव रानात शिकारीला जायचे. म्होरक्या तौकीरभाई. नियम त्यांचाच: बंदूक जुन्या चालीची, दुर्बीण नाही, ठिपका नाही, उघड्या डोळ्याने नेम. आणि घरचा रिवाज त्याहून जुना. नुसत्या गोळीने मेलेलं जनावर ही मंडळी खात नाहीत. जनावर पडलं की जीव आहे तोवर तिथे पोचायचं, बिस्मिल्ला म्हणायचं आणि सुरी फिरवायची; तरच ते मटण ताटात. उशीर झाला तर जनावर गेलं ते फुकट गेलं. म्हणून इलियासभाई दगडाआडून सरपटत इतके जवळ जात, की रानबकऱ्याच्या दाढीतलं कुसळ मला दिसे. बार निघाला की मला खांद्याला अडकवून, सुरी हातात घेऊन धावत सुटत. ते दृश्य भीतीदायक होतं, पण त्यात हयगय नव्हती.

मग त्यांचे डोळे साठीला पोचले. बाकीचे अवयव मागून येत होते.

चष्मा लावला की बकरा स्पष्ट, माशी गायब. चष्मा काढला की माशी ठळक, बकरा धुक्यात. खाच तर दोन्ही वेळा परक्या माणसासारखी वागायची. डोळ्यांच्या डॉक्टरने तीन अंतरं एकाच वेळी दिसणारी काच जगात नाही असं सांगितलं. इलियासभाईंनी ते कुणाला सांगितलं नाही, आणि त्याच हिवाळ्यात अंदाजाने बार टाकला.

गोळी बकऱ्याच्या मागच्या पायाला लागली. तो लंगडत कडा चढून गेला. ही मंडळी सांज होईपर्यंत शोधत राहिली. रक्ताचे थेंब आधी दगडादगडावर होते, मग अधूनमधून, मग नव्हतेच.

घरी आल्यावर बानूभाभींनी मटण वाढलं तर इलियासभाईंनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. बानूभाभी म्हणजे त्यांच्या पत्नी. किनाऱ्यावरच्या बुदैया गावात त्यांचं घर; त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो, आणि बऱ्याचदा पहिलाही.

"एक तर बंदूक द्या कुणाला," त्या म्हणाल्या, "नायतर नीट बगून मारा. त्या जनावराला अर्धमेलं टाकून आलात, आता सुकं बोंबील खाऊन काय फिटायचं नाय ते."

इथून माझ्या हालांना सुरुवात होते.

शेजारी चंद्रशेखर राहतो. मूळचा पुण्याचा, अस्करच्या बाजूला ॲल्युमिनिअमच्या कारखान्यात इंजिनिअर. कुठलीही अडचण त्याला सांगितली की त्याचा चेहरा उजळतो. त्याने उपाय काढला: लाल ठिपक्याची दुर्बीण. काचेत एक लाल ठिपका दिसतो, तो जनावरावर ठेवायचा. खाच नाही, माशी नाही, चष्म्याची भानगड नाही. "सिंपल आहे, इलियासभाई. तीन गोष्टींचं एक अंतर करून टाकायचं."

ही बातमी तौकीरभाईंना कळली आणि दुपारची नमाज आटोपून ते थेट दुकानात आले. चंद्रशेखर तिथे बसलेलाच होता. मी त्या दिवशी सफाईवाल्याकडे जायची म्हणून पेटीत, कापडाच्या ताग्यांमागे होते. त्यामुळे हे सगळं मला ऐकावं लागलं.

"ठासणीवर दुर्बीण?" तौकीरभाई म्हणाले. "इलियास, उद्या उंटाला स्टिअरिंग लावशील."

"तुम्ही डोंगरापर्यंत उंटावरून जाता का?" चंद्रशेखरने विचारलं.

"लँड क्रूझरनी जातो. का?"

"एसी लावून?"

"मग काय वितळून जाऊ? एसीचा नि शिकारीचा काय संबंध?"

"आणि रस्ता कोण सांगतं?"

"फोन सांगतो. चंदूभाई, तुमी मुद्द्यावर या. जुनी बंदूक ती जुनी बंदूक. तिच्यावर नवीन कायपन लावलं की ती बाटली."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या पोटाखालचं कारखान्याचं नाव मोठ्याने वाचून दाखवावंसं वाटलं. मी संगणकावर जन्मले, माझ्या सुरकुत्या पगारी माणसाने काढल्या, आणि माझ्या शुद्धतेवर दोन सुशिक्षित माणसं हमरीतुमरीवर आली होती. अस्तराचं कापड घ्यायला आलेली एक बाई मधेच म्हणाली, "भाई, मला दोन मीटर द्या आणि मग भांडा." तिचं म्हणणं रास्त होतं, पण कुणी ऐकलं नाही.

शेवटी इलियासभाई बोलले. कापडाची घडी घालता घालता बोलले. "मला परत तसं करायचं नाय, तौकीर. परंपरा काय ती तू सांभाळ. मी जनावर सोडून परत येणार नाय."

"मग तू आमच्याबरोबर येणार नायस."

"नाय येत."

तौकीरभाई उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले. प्रवासातली तांदळाच्या पिठाची भाकरी, सुक्या मटणाचा डबा आणि नारळाचं सांदण दरसाल बानूभाभींच्या घरून येतं, हे त्यांना आठवलं असावं. "बघू," ते म्हणाले. तत्त्वं बरेचदा दारापर्यंतच टिकतात.

पुढच्या शुक्रवारी चंद्रशेखरच्या गॅरेजात माझ्या नळीला चार भोकं पाडण्यात आली. त्याआधी त्याने मापं घेतली, पुन्हा घेतली, कॉफी घेतली आणि म्हणाला, "काळजी करू नका, हे रिव्हर्सिबल आहे." भोक रिव्हर्सिबल कसं असतं ते मला अजून कळलेलं नाही. त्या चार भोकांवर एक काळी डबी बसली. तिला बॅटरी लागते. दारू, गोळी, टोपी, गज आणि बॅटरी, असा आता माझा संसार.

नेमबाजीच्या मैदानात मात्र डबीने काम चोख केलं. कागदावरचं मधलं वर्तुळ फाटलं, पुन्हा फाटलं. इलियासभाईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. "अरे, पार तिकडचं दिसतंय," ते म्हणाले. चंद्रशेखर इतका खूश झाला की त्याने मला थोपटलं. मीही थोडी फुशारले. खोटं कशाला बोलू.

आणि इथेच चूक झाली. ती डबीची नव्हती, माझीही नव्हती.

हिवाळ्यात डोंगरात पोचलो. तौकीरभाई माझ्याकडे बघतच नव्हते. सांदण मात्र खात होते. पहाटे उतारावर एक रानबकरा उभा राहिला. लांब, मधे एक दरी. पूर्वी इतक्या लांबून इलियासभाईंनी मला खांद्यावरून काढलंसुद्धा नसतं. आधी पोटावर सरपटले असते. पण आता दिसत होतं ना. लाल ठिपका बकऱ्याच्या खांद्यामागे शांत बसला होता. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि चाप ओढला.

नेम अचूक होता. बकरा जागच्या जागी बसला.

मग इलियासभाई धावले. सुरी हातात. आधी उतार, मग दरीतली सुटी खडी, मग चढ. अर्ध्या वाटेत त्यांचे गुडघे बोलू लागले. ते बसले, उठले, पुन्हा बसले. मी त्यांच्या पाठीवर आपटत होते आणि पलीकडे बकऱ्याची मान अजून हलत होती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. डबीशिवाय दिसत होतं.

पोचलो तेव्हा मान हलत नव्हती. इलियासभाईंनी सुरी म्यानात घातली आणि त्याच्या शेजारी खाली बसले. मागून धापा टाकत तौकीरभाई आले. "मी तुला सांगितलं होतं," एवढं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, इलियासभाईंकडे पाहिलं आणि नुसतीच पाण्याची बाटली पुढे केली. तौकीरभाईंबद्दल मी बरंच वाकडं बोलले आहे, तर हेही नोंदवून ठेवते.

संध्याकाळी चंद्रशेखरचा फोन आला.

"नेम कसा होता?"

"बरोबर होता."

"मग झालं की."

"काय नाय झालं, चंदूभाई. पाय पोचले नाय."

परत आल्यावर दोघांचंही म्हणणं पुन्हा आपापल्या परीने बरोबर होतं. तौकीरभाई म्हणाले, डबी काढ. चंद्रशेखर म्हणाला, डबी राहू द्या, चार चाकी छोटी गाडी भाड्याने घ्या, दरीतही जाते. तौकीरभाई म्हणाले, बघ, आता गाडी. चंद्रशेखर म्हणाला, तुमची लँड क्रूझर आहेच की. मी पेटीत पडल्या पडल्या ऐकत होते. या दोघांना कुणीतरी गजाने ठासून गप्प करावं, असं मला फार वाटलं. इलियासभाईंच्या ताटातलं मटण पुन्हा तसंच परत जाऊ लागलं होतं, आणि ते या दोघांपैकी कुणाला दिसत नव्हतं. कदाचित त्यांनाही डबी बसवायला हवी होती.

बानूभाभींना दिसत होतं. त्या नवऱ्याला बुदैयाच्या किनाऱ्यावर घेऊन गेल्या, हातात खजुराची रिकामी करंडी. ती वाळूत ठेवली.

"हा तुमचा बकरा. या धावत."

"अगं, लोक बगतील."

"बगू देत. बकरा मरायच्या आत या. मी कलमा पुरा म्हणेपर्यंत."

इलियासभाई लांबून धावले, पोचले नाहीत. थोडे जवळून धावले, पोचले नाहीत. फिरायला आलेल्या एका कुटुंबाने मुलांना दुसरीकडे नेलं. शेवटी एका जागेवरून निघाले ते करंडीपर्यंत पोचले, तेही बोलायला श्वास शिल्लक ठेवून. बानूभाभींनी तिथून करंडीपर्यंत पावलांनी अंतर मोजलं, चपलेने वाळूत रेघ ओढली आणि घरी येऊन सांगितलं.

"डबी राहू दे. डोळ्याला लागते तर लागते. पन दिसतं तिथवर बार टाकायचा नाय. पोचता येतं तिथवरच."

"आणि जुनी चाल?" तौकीरभाईंनी विचारलं. ते जेवायला आले होते.

"ती सुरीची हाय, तौकीरभाई. नळीची नाय. भाकरी घ्या अजून."

त्यांनी घेतली.

या हिवाळ्यात मी पुन्हा डोंगरात होते. एक मोठा बकरा बानूभाभींच्या रेघेच्या पलीकडे उभा राहिला. आडवा, निवांत, फोटो काढायला यावं तसा. ठिपका त्याच्या खांद्यामागे स्थिर होता. इलियासभाईंचं बोट चापावर होतं आणि मी पोटात दारू घेऊन वाट बघत होते. मग त्यांनी मला खाली केलं आणि पोटावर सरपटू लागले. गुडघे कुरकुरले, खडा घसरला, बकऱ्याने मान वर केली आणि चालता झाला. पुढचे दिवसही तसेच गेले. तौकीरभाई म्हणाले, "एवढी डबी लावून शेवटी मफी, कायपन नाय." इलियासभाई हसले. खरंच हसले.

घरी आल्यावर बानूभाभींनी विचारलं, "काय आणलात?"

"काय नाय."

त्यांनी बाजारातलं मटण वाढलं. इलियासभाईंनी ते खाल्लं, आणि ताट पुढे करून अजून मागितलं.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला तेल लावा, कुलपात ठेवा, ओलीपासून जपा. तिच्यावर माशी ठेवा नाहीतर ठिपका ठेवा, मला आता त्याचं काही वाटत नाही. फक्त जिथे तुमचे पाय पोचणार नाहीत, तिथे माझी गोळी पाठवू नका. आणि जमल्यास चंद्रशेखरला कुणीतरी समजावा. काल तो माझ्या दस्त्याची मापं घेऊन गेला आहे.