एस्सेलिन मातीला जाते

तुकिनेम गेल्याचं एस्सेलिनला कळलं ते जगरूपकडून, आणि तेही कालव्यापलीकडून मारलेल्या हाळीतून. ती परसात कसावा किसत बसली होती. जगरूपने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडून सांगितलं, "सकाळी गेली गं. दुपारच्या नमाजानंतर उचलणार आहेत."

एस्सेलिनने किसणी खाली ठेवली, हात पुसले आणि पुन्हा तिथेच बसली. जायचं तर होतंच. पण कोण म्हणून जायचं, हेच तिला कळेना.

पाच आठवड्यांपूर्वी असा प्रश्न कुणी तिला विचारला असता, तर तिने विचारणाऱ्याच्या कानाखाली आवाज काढला असता. कोण म्हणून? माती म्हणून! आमच्या सुरिनाममध्ये काळ्या लोकांच्या बोलीत माती म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. जावा बेटावरून आलेल्यांच्या बोलीत माती म्हणजे मेलेलं माणूस. आणि जगरूपसारख्या हिंदुस्थानी लोकांच्या बोलीत माती म्हणजे तुमच्याआमच्या पायाखालची माती. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि त्यावर सगळेच हसून घेतात. आठ वर्षांची तुकिनेम जहाजातून उतरून कॉफीच्या मळ्यावर आली, तेव्हा नऊ वर्षांच्या एस्सेलिनने तिचा हात धरून पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "आजपासून तू माझी माती." पोरगी भोकाड पसरून आईकडे पळाली होती. त्याला आता साठ वर्षं उलटून गेली. रोज सकाळी एस्सेलिन फाटकातून ओरडायची, "माती, ए माती!" आणि आतून उत्तर यायचं, "मेले नाही अजून, ये!"

मग तुकिनेम आजारी पडली. एस्सेलिन कोंबडीच्या सुपाचं पातेलं घेऊन गेली आणि फाटकातून नेहमीसारखी हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. तुकिनेमचा मुलगा पोनिदी बाहेर आला. गरीब स्वभावाचा माणूस, मोठ्यांपुढे वाकल्याशिवाय चालत नाही. खाली बघत, जवळजवळ पुटपुटत तो म्हणाला, "तांते, आई बरी होईपर्यंत... तो शब्द फाटकातून नको. घरातली माणसं घाबरतात."

तांते म्हणजे मावशी. पण त्या क्षणी मावशीचा पारा चढला. "साठ वर्षं चालला, आणि आज तुला टोचला होय रे शब्द?" म्हणत तिने पातेलं पायरीवर आदळलं आणि जी पाठ फिरवली, ती पाच आठवडे फिरवून ठेवली. आज येईल बोलावणं, उद्या येईल, म्हणून ती वाट बघत राहिली. बोलावणं काही आलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर बाईने माती खाल्ली होती, आणि ते तिला कळतही होतं. पण राग नाकावर बसला की खाली उतरायला वेळ लावतो. या वेळी त्याने फारच लावला.

त्या पाच आठवड्यांत तिने जगरूपला विचारून विचारून भंडावलं होतं. "माझी आजी सांगायची, जहाजाच्या पोटात शेजारी शेजारी साखळीने बांधलेली माणसं एकमेकांना माती म्हणायची. गोरे खलाशी आपसांत मारायचे ती हाक. आमच्यांनी उचलली नि आपली केली. यात मरणाचं काय आहे?"

"तुझ्यात नाही, तिच्यात आहे," जगरूप म्हणायचा. "तुझी माती त्या जहाजातून आली, तिची जावाहून, माझी कलकत्त्याहून. आपसांत नातं काही नाही. नुसती तोंडं सारखी."

"म्हणजे आमचंही नातं नव्हतं म्हणतोस?"

"मी शब्दांचं बोलतोय, बाई!"

"मी माणसांचं बोलतेय."

"मग मला कशाला विचारतेस? मी भात लावणारा माणूस. आमची माती चिखलात, आणि मेल्यावर तर आम्ही तिच्यातही जात नाही, राख होऊन नदीत जातो."

यातून एस्सेलिनच्या डोक्यातला गुंता काडीभरही सुटला नाही, उलट वाढला. आणि आज तर नवीनच भीती बसली. शब्दाने माणूस मरतं का? साठ वर्षं आपण तिला रोज सकाळी मेलीस, मेलीस म्हणत आलो का? असलं काही नसतं हे तिला समजत होतं, तरी भीती जाईना.

रुमालापाशी गाडी पुन्हा अडली. घरचं माणूस गेलं की डोक्याला बांधायचा रुमाल वेगळा, शेजारचं गेलं की वेगळा. तिने घरचा बांधला, आरशात पाहिलं आणि सोडला. शेजारचा बांधला, तोही सोडला. शेवटी बाजाराला जायचा साधा निळा रुमाल गुंडाळून, शेजारी नेतात तशी दोन किलो तांदळाची पिशवी घेऊन ती निघाली. जगरूप फाटकाशी थांबलाच होता. तोही आपली पिशवी घेऊन सोबत निघाला.

अंगणात माणूस मावत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराशी तुकिनेमची धाकटी बहीण कासियेम शेजाऱ्यांकडून तांदूळ, साखर घेत होती. तिने जगरूपची पिशवी घेतली. एस्सेलिनची पुढे आली तेव्हा तिने नुसतं पिशवीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि हात मागे घेतला. आमचा तांदूळसुद्धा चालत नाही आता? ती पिशवीसकट मागे सरली आणि पाण्याच्या पिंपाशी जाऊन उभी राहिली. तुकिनेमचा नवरा गेला तेव्हाही ती इथेच उभी होती, शेजाऱ्यांत.

मोदिनची, म्हणजे जावाच्या लोकांच्या मौलवींची, प्रार्थना झाली. सहा जणांनी जनाजा खांद्यावर उचलला आणि अंगणाच्या मधोमध धरून ठेवला. आता घरची माणसं त्याच्या खालून तीनदा पलीकडे जाणार, सगळ्यांत वयाने मोठं असेल ते पुढे आणि लहान मागे. मग पुरुष कबरस्तानात जाणार. बायका तिथे जात नाहीत. त्यांचं सांगणं, मागणं, रडणं, काय असेल ते एवढ्यातच.

एस्सेलिनने मान ताणली. कासियेम आता पहिली वाकेल. पण कासियेम जागची हलली नाही. तिच्यामागे पोनिदी, त्याची बायको, सुना, नातवंडं रांगेत उभी होती, तीही हलली नाहीत. जनाजा तसाच खांद्यांवर. एस्सेलिनने आजूबाजूला पाहिलं. कुणाची वाट बघतायत?

हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की कुणी सरळ बघत नसलं तरी सगळे तिच्याकडेच बघतायत.

मग पोनिदी रांगेतून निघाला. वाकत वाकत तिच्यापासून चार पावलांवर आला आणि जावाच्या माणसाने अदबीने दाखवावं तसा उजव्या हाताचा अंगठा त्याने समोर केला. समोर जनाजा होता. जनाज्याच्या मागे फाटक होतं. एस्सेलिनला फाटक दिसलं.

असं आहे तर. मी इथे आहे तोवर हे सुरू करणार नाहीत. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. नुसतं पोरकं वाटलं, बहात्तराव्या वर्षी. तिने मान डोलावली, पिशवी छातीशी धरली आणि जनाज्याला वळसा घालून फाटकाकडे चालू लागली. लोकांनी भराभर बाजूला होऊन वाट दिली. तीही तिने मनात लिहून ठेवली.

"अगं, कुठे निघालीस?" जगरूप मागून कडाडला. त्या अंगणात मोठ्याने बोलणारा तेवढाच एक होता. "खालून जा, खालून! माणसांचे खांदे निखळायला आलेत!"

एस्सेलिन थबकली. कासियेमने येऊन तिचं कोपर धरलं.

"मी?" एस्सेलिन म्हणाली. "पण ते तर घरचे..."

"पुढे मोठ्यानेच जायचं असतं, तांते," पोनिदी म्हणाला. "तुमच्याहून मोठं कोण आहे आमच्यात?"

"मग बोलायला काय झालं होतं रे तुला?"

"एकदा बोललो होतो," तो पायांकडे बघत म्हणाला. "पाच आठवडे आई विचारत होती, अजून आली नाही का. पुन्हा तुम्हाला काही सांगायची माझी हिंमत नाही झाली."

कासियेमने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि पिंपावर ठेवली. "घरच्यांकडून तांदूळ घेतात होय?" एवढंच ती म्हणाली.

एस्सेलिन थोराड बाई, गुडघे केव्हाचेच गेलेले. सहाही जणांनी टाचा उंचावून जनाजा वर धरला, तरी तिला कमरेत वाकावं लागलं. पहिल्यांदा ती कशीबशी पलीकडे निघाली. मागून कासियेम आली, पोनिदी आला, कडेवरच्या बाळासकट सगळं घर आलं. दुसऱ्यांदा तिला रडू फुटलं आणि पुढचं दिसेना, तेव्हा कुणीतरी पाठीला हात लावून तिला बाहेर काढलं.

तिसऱ्यांदा ती मधोमध थांबली. वरच्या फळीला तळहात टेकून ती तुकिनेमला भांडू लागली. आजारी होतीस तर मुलाला दटावून मला बोलवायचं नाहीस? मी गाढव आहे हे तुला माहीत नव्हतं? मग रागाचं संपून दुसरंच निघालं, कॉफीच्या मळ्याचं, पहिल्या बाळंतपणाचं, एका हरवलेल्या बकरीचं. जनाज्याखाली थांबायची रीत नाही, चालत राहायचं असतं. मोदिन उन्हाकडे बघत होते, उचलणाऱ्यांचे हात थरथरत होते आणि मागे सगळं घर ओळीने वाकलेलं उभं होतं.

तिला पुढे हो असं कुणीही म्हणालं नाही.