गणिताच्या वर्गातला हातमाग

मित्रांनो, गणिताच्या वर्गात हातमागाचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. एकेकाळी मलाही तसेच वाटायचे. मी एक जुना, मेपलच्या लाकडाचा हातमाग आहे. अमेरिकेत ओहायोतल्या हायरम शेल्हामर नावाच्या सुताराने मला घडवले. माणूस तुसडा, पण हातात कला होती. खिळा ठोकला की लाकूड रुसते, असे तो म्हणे, म्हणून माझ्या अंगात एकही खिळा नाही. या गोष्टीचा मला थोडा गर्व आहे, तेवढा चालवून घ्या.

गावातल्या विद्यापीठाच्या कला विभागात माझी उमेदीची वर्षे गेली. मी शाली विणल्या, सतरंज्या विणल्या, पाहुणे आले की मला आधी दाखवत. मग तिथे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली. कोणीही यावे आणि ओली छत्री माझ्यावर टाकून जावे. पाणी लागले की लाकूड फुगते, हे शिकलेल्या माणसांना सांगावे लागत नाही, असा माझा समज होता.

मला तिथून वाचवले थिआ लिंडक्विस्टने. ती गणित शिकणारी मुलगी, उंच आणि भरभर बोलणारी. छत्री ठेवायला आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"अगं, धागा एकतर वरून जातो, नाहीतर खालून. बाकी सगळी नक्षी त्यातूनच," ती सोबतच्या मैत्रिणीला म्हणाली. "हे तर लाकडाचं गणित आहे."

आमच्या विद्यापीठात एक चांगली रीत आहे. एखाद्या विद्यार्थ्याला मनापासून काही शिकवावेसे वाटत असेल, तर तो इतर विद्यार्थ्यांसाठी स्वतःच वर्ग चालवू शकतो. फक्त एखादा प्राध्यापक पाठीशी हवा. थिआने 'धागे आणि आकडे' नावाचा वर्ग काढला आणि मला जिन्याखालून त्या वर्गाच्या खोलीत आणले. गणिताची मुले आली, संगीताची आली, जीवशास्त्राची आली. सगळी तिच्याच वयाची, त्यामुळे धाक कसला तो नाहीच. "काय थिआबाई, आज छडी विसरलात का?" असे चालायचे. माझा धोटा धागा घेऊन पुन्हा इकडून तिकडे पळू लागला. मी फार सुखात होतो.

पण अशा वर्गांच्या कपाळी एक दुःख लिहिलेले असते. शिकवण्यात जरा कुठे हात बसतो, तोवर शिकवणारा पदवी घेऊन गावाबाहेर. थिआचे ते शेवटचे वर्ष होते. त्यात वर्गाच्या पाठीशी असलेले प्राध्यापक निवृत्त झाले. गणिताचे प्रोफेसर हॅव्हर्टी म्हणाले, ही हस्तकला आहे, कला विभागाकडे जा. कला विभागाच्या प्रोफेसर ब्रॅनव्होल्ड म्हणाल्या, ही आकडेमोड आहे, गणिताकडे जा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसे झाले. वर्ग बंद पडला तर माझी खोली विद्यापीठाला सायकली ठेवायला हवीच होती. माझे काय होणार, ते कोणी बोलत नव्हते. जुने मेपल चुलीत छान जळते, हे मला ठाऊक होते.

शेवटी थिआने दोघांनाही अखेरच्या तासाला बोलावले. त्या दिवशी मरिसोल किंताना या जीवशास्त्राच्या मुलीचे कापड माझ्यावरून उतरायचे होते. मरिसोल तोंडाची फटकळ आणि कामाला वाघ. तिने कागदावर चौकोन रंगवून स्वतः नक्षी रचली होती. सगळ्यांना ती आवडली होती. मला मात्र विणतानाच कळत होते. निळे धागे निळ्यांतच गुंतत होते, पिवळे पिवळ्यांत, आणि निळे सतत वर. दोघांची कुठेच गाठभेट नव्हती. ताणलेले असेपर्यंत ते दिसत नाही. सांगणार कसे? मागाला तोंड नसते.

कात्री चालली. मरिसोलने कापड उचलले. निळी जाळी तिच्या हातात राहिली आणि पिवळी हॅव्हर्टींच्या बुटांवर पडली.

"कागदावर बरोबर होतं हो," मरिसोलचा चेहरा पडला. "घ्या, मीच बुडवला आपला वर्ग."

थिआने डोळे मिटून घेतले. हॅव्हर्टी वाकले, जाळी उचलून बराच वेळ पाहत राहिले.

"तो कागद दाखव," ते म्हणाले. "कापड धरेल की सुटेल, हे विणायच्या आधी कागदावरूनच ओळखता यायला पाहिजे. कसं ओळखायचं?"

"एक पिवळा धागा वर काढला की धरेल," ब्रॅनव्होल्ड म्हणाल्या. "कुठला, ते माझी बोटं सांगतील."

"बोटं नकोत, नियम सांगा."

"नियम तुम्ही शोधा हो. पगार कशाचा घेता?"

वर्षानुवर्षे नुसती मान डोलावून एकमेकांसमोरून जाणारी ती दोन माणसे माझ्यापुढच्या, विणायला बसायच्या बाकावर शेजारी शेजारी बसली आणि भांडू लागली. मुलांनी आणलेला सफरचंदाचा गरम रस गार होऊन गेला. उठताना दोघेही म्हणाले, वर्गाच्या पाठीशी आम्ही आहोत.

"पण शिकवणार कोण?" हॅव्हर्टींनी विचारले.

थिआने मरिसोलकडे पाहिले.

"मी? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? आत्ता सगळ्यांदेखत माझं कापड सुटलं."

"म्हणून तर. हे कोडं सुटेपर्यंत तुला चैन पडणार आहे का?"

मरिसोलने दोन्ही जाळ्या घडी करून पिशवीत घातल्या.

मे महिन्यात थिआ पदवी घेऊन गेली. जाण्यापूर्वी तिने मला तेल लावले, फणीतली धूळ काढली आणि माझ्यावर डोके टेकून रडली. मलाही फार वाईट वाटले. ती परत येणार नाही, हे मला माहीत होते.

सप्टेंबरात नवी मुले आली. मरिसोलने त्या दोन जाळ्या मुलांसमोर ठेवल्या.

"हे का सुटलं, ते मला अजून पुरतं कळलेलं नाही," ती म्हणाली. "आपण मिळून शोधू. तुमच्यातल्या कुणाला माझ्या आधी कळलं, तर पुढच्या वर्षी शिकवायला त्यानं उभं राहायचं."

मागच्या रांगेतल्या एका मुलीने लगेच पिवळी जाळी ओढून घेतली.

मित्रांनो, मला तेल लावा, पाण्यापासून जपा, हे तर मी मागतोच. पण तेल लावूनही, विणणारा नसेल तर माग मुका पडतो. माझी खरी काळजी घ्यायची असेल तर एवढेच करा. माझ्या बाकावरून उठण्याआधी कुणाला तरी शेजारी बसवून घ्या.