टाचणीच्या पाठीतली गाठ

टाचणी दवाखान्यात आली तेव्हा झोकांड्या खात का होईना, चालत होती. ऑपरेशनला नऊ दिवस झाले तरी तिचे मागचे दोन्ही पाय लुळे होते, आणि सर्जनबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

टाचणी ही शिंपीमास्तरांची कुत्री, जेमतेम वर्षाची. शेवटच्या बरगडीच्या मागे, मज्जारज्जूच्या आवरणाच्या आत गाठ असल्याचं एमआरआयमध्ये दिसलं. बाईंनी हाड कापलं, आवरण चिरलं आणि मज्जारज्जूला चिकटलेली गाठ तासभर श्वास रोखून सोडवली. पायांत बळ हळूहळू येईल, असं त्यांनी मास्तरांना सांगितलं होतं. पण आपला हात एक केसभर जास्त तर गेला नाही ना, हे स्वतःला विचारून त्यांची झोप उडाली होती. मास्तर रोज येत, टाचणीच्या पोटाखालून टॉवेल घालून तिला उचलून फिरवत. एका शब्दानं बोल लावत नसत, त्याचाच बाईंना जास्त त्रास होई.

त्या दिवशी गाठीचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडाच्या पेशी! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी लॅबला फोन लावला.

"नमुन्यांच्या बरण्या बदलल्यात तुम्ही! मी पाठ उघडली होती, मूत्रपिंड नाही!"

"आधी येऊन बघा, मग भांडा," लॅबचे म्हातारे डॉक्टर म्हणाले. "भांडायला मी आहेच इथे."

बाई तरातरा गेल्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. जांभळ्या रंगात इवल्या इवल्या नळ्या होत्या. मधूनच बारीक गुंडाळी. अर्धवट का होईना, मूत्रपिंडच घडत होतं.

"पिल्लू आईच्या पोटात असताना मूत्रपिंडं कण्याच्या शेजारीच तयार होतात," म्हातारबुवा सांगू लागले. "चार पेशी आवरणाच्या आत राहिल्या असणार. दार बंद झालं. त्या बिचाऱ्यांना काय पत्ता? नेमून दिलेलं काम करत बसल्या. माझ्या तीस वर्षांत अशी गाठ ही दुसरीच."

बाई भांडायचं विसरल्या. आठवडाभर ज्या गाठीला शिव्या घातल्या, तिच्याकडे बघताना त्यांना भरून आलं. शरीरातलं आपल्याला सगळं कळतं ही घमेंड कुठल्या कुठे गेली.

दवाखान्यामागच्या फरसबंद अंगणात मास्तर टाचणीला घेऊन आले होते. बाई पायरीवर बसल्या आणि मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे जन्माआधीपासून हे पाठीत घेऊन फिरत होती?" मास्तर थक्क झाले. "आणि वर माझ्या चपला पळवत होती?"

"चुकून काही पेशी उरल्या असतील, त्यांच्यासाठी रेडिएशन द्यावं लागेल."

"आणि पाय?"

"नाही सांगता येत, मास्तर. कदाचित माझ्या हातूनच काही..." फरशीवर नखं घासल्याचा आवाज येत होता. "टॉवेल जरा वर धरा. पाय घासतायत तिचे."

मास्तर अगदी हळू, कुणाला धक्का लागू नये अशा बेतानं म्हणाले, "डॉक्टर, टॉवेल केव्हाचा माझ्या खांद्यावर आहे."

बाईंनी मान वर केली. टाचणी भिंतीजवळ चार पायांवर उभी होती. मागचे पाय लटपटत होते. त्यातला एक तिनं उचलला आणि पुढे टाकला.